दोन मिनिटांची प्रार्थना आणि चार हलते दात

तीर्थस्वरूप ताईंना,

धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर देते तेवढीच वाकले आहे, उरलेला मनातून केला आहे, तो धरून घ्यावा.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन सुखरूप पार पडलं आणि आता तुम्हाला मुंगीचे पायसुद्धा दिसतात असं कळलं. देवाची कृपा. म्हणूनच या खेपेला बारीक अक्षरात, कागदाच्या दोन्ही अंगांनी आणि समासातही लिहिते आहे. मागच्या पत्रात तुमच्यासाठी टपोरं अक्षर काढलं होतं, त्यात चांगले कागद हकनाक गेले. थेंब वेळच्या वेळी घालता ना? वाकून केर काढू नका. भावोजींचा खोकला कसा आहे तेही कळवा.

इकडची खुशाली कळवावी अशी रीत आहे आणि मी ती आजवर कधी चुकवली नाही. पण आज खुशालीपाशी येऊन हात अडला. ताई, उभ्या असाल तर आधी बसून घ्या. माझे खालचे, पुढचे चार दात हलताहेत. राहतात की जातात ते या गुरुवारी ठरणार आहे. पडून हाड मोडलं, आग लागली, चोर आला, या सगळ्याची मनाची तयारी मी करून ठेवलेली होती. माझ्याच तोंडातली माणसं मला न सांगता निघायची तयारी करत असतील, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

सुरुवात सफरचंदापासून झाली. एका दुपारी मी अर्धं सफरचंद (उरलेलं अर्धं संध्याकाळसाठी झाकून) खात होते आणि पाहते तर पांढऱ्या गरावर लाल डाग. तुमचे बंधू समोरच बसले होते. म्हणाले, "सफरचंद जखमी केलंस की!" मी हसण्यावारी नेलं. खरं सांगते, थुंकीत लालसर दिसायला लागून बरेच दिवस झाले होते. पण मी माझं डोकं चालवलं होतं. घासलं की रक्त येतं, म्हणजे घासणं त्या जागेला सोसत नाही, तर त्या जागेला त्रास कशाला द्यायचा? म्हणून मी खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश नेणंच बंद केलं होतं. खपली धरलेल्या खरचटण्याला आपण हात लावत नाही, तसं. (शिवाय तेवढीच पेस्ट वाचत होती. हे तुम्हालाच सांगते.) दुखत काहीच नव्हतं. जे दुखत नाही ते ठीक आहे, अशी माझी पक्की समजूत.

मग आला प्रार्थनेचा दिवस. तुम्हाला ठाऊकच आहे, वाचनालयाच्या वरच्या खोलीत आमचं प्रार्थनामंडळ जमतं आणि सुरुवातीची प्रार्थना मी सांगते, बाकीच्या बायका माझ्यामागून म्हणतात. त्या दिवशी दुसऱ्या कडव्यात जीभ जरा पुढे गेली आणि दाताला टेकली. टेकली म्हणजे अगदी अलगद. आणि ताई, दात सरकला! बाकावर बसलेला सज्जन माणूस कोणी आलं की "या, बसा" म्हणून जरा पलीकडे होतो ना, अगदी तसा. मी तिथेच गप्प झाले. पाठीमागून पंचवीसतीस बायका गप्प झाल्या. मंडळाच्या खजिनदारीणबाईंना वाटलं मी समाधीत गेले, त्यांनी पंखा कमी केला.

घरी येऊन तुमच्या बंधूंना सांगितलं. आता त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, त्यामुळे घरातल्या कुठल्याही दुखण्याला त्यांचा उपाय एकच. त्यांनी डोळ्याला ते भिंगाचं नळकांडं लावलं, मला खिडकीपाशी उभं केलं आणि बारीक चिमटा हातात घेऊन माझ्या तोंडात डोकावले. (चिमटा आधी धुवायला लावला. त्यांना त्यात नवल वाटलं.) बराच वेळ हूं हूं करून म्हणाले, "चारही सैल आहेत. हे घड्याळ दुकानात आलं असतं तर गिऱ्हाइकाला म्हटलं असतं, दुरुस्तीत पैसे घालू नका." मला रडू आलं. तेव्हा धीर द्यायला म्हणून त्यांनी स्वतःचे दात वाजवून दाखवले. "पोलाद आहे पोलाद! आमच्याकडचं बियाणंच तसं." म्हणजे दोष माझ्या माहेरचा. हे तुम्हाला मुद्दाम कळवते, कारण तुम्हीही त्याच पोलादाच्या घरच्या आहात आणि तुमच्या तोंडात आता किती पोलाद उरलं आहे ते तुम्ही जाणता.

दातांच्या डॉक्टरीणबाई वह्यापेन्सिलींच्या दुकानावरच्या मजल्यावर बसतात. जिना अरुंद, वर काचेचं दार, दारापाशी चपला काढायच्या आणि त्यांनी दिलेल्या गार सपाता घालायच्या. बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत मासे. मी त्यांच्याकडे बघत बसले. मासा सारखं तोंड उघडतो, मिटतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. तुमचे बंधू बरोबर आले होते, पण आतल्या दाराकडे पाठ करून बसले. आतून तो गुंई आवाज आला की त्यांचा पाय आपोआप हलायचा. मी म्हटलं, तुम्ही पण दाखवून घ्या, आलोच आहोत तर. त्यावर त्यांनी असा चेहरा केला की जणू मी त्यांना पेटीतल्या माशांबरोबर पोहायला सांगितलं.

आत खुर्ची आहे, तिला खुर्ची म्हणायचं एवढंच. बसलं की ती आपली आपणच आडवी होते आणि डोकं पायांच्या खाली जातं. मी दोन्ही हात जोडले आणि नामस्मरण सुरू केलं. डॉक्टरीणबाई वयाने आपल्या मुलींसारख्या, पण दटावणी सासूची. "काकू, हात खाली. तोंड उघडा. आणखी. आणखी." मग त्यांनी पेनाएवढा कॅमेरा तोंडात घातला आणि समोरच्या पडद्यावर एक चित्र आलं. पिवळ्या, तपकिरी दगडांची पडकी भिंत, खाली सुजलेला लाल चिखल. मी मनात म्हटलं, अरेरे, कोणाचं बिचारीचं हे तोंड! आधीच्या पेशंटचं राहून गेलं असेल. तेवढ्यात माझी जीभ हलली आणि पडद्यावरही एक जीभ हलली.

ताई, मी किंचाळले असते, पण तोंडात कॅमेरा होता.

मी म्हटलं, अहो, पण मला कधी दुखलंच नाही! त्या म्हणाल्या, "हिरड्यांचं दुखणं दुखत नाही काकू, हीच तर पंचाईत आहे. रक्त येतं ती हिरडीची हाक असते. तुम्ही हाक ऐकून दार लावून घेतलंत." दातांवर अन्नाचा मऊ थर बसतो, तो रोज काढला नाही की त्याचं किटण होतं, दगडासारखं. ते हिरडीच्या आत शिरतं, हिरडी सुजते, मग आतलं हाड खचत जातं आणि दात उभा राहायला जमीनच उरत नाही. रक्त येतं म्हणून जिथे मी घासणं सोडलं, नेमकं तिथेच ते हळुवारपणे रोज घासायला हवं होतं. आणि मी वयाचं नाव पुढे केलं, तर म्हणाल्या, वय झालं म्हणून दात पडत नाहीत, दुर्लक्ष झालं म्हणून पडतात. माझ्या पायाखालची जमीन (आणि खुर्ची) सरकली. आपण आयुष्यभर समजत आलो की केस पिकतात तसे दात पडतात, त्यात आपला काही हात नाही. हात होता! रोज सकाळी ब्रश धरलेला तोच हात!

मग त्यांनी ब्रशची चौकशी केली. मी अभिमानाने सांगितलं की माझा ब्रश गेल्या उन्हाळ्याच्याही आधीचा आहे आणि अजून उत्तम चालतो. दुसऱ्या खेपेला तो बरोबर आणायला लावला. रुमालातून काढून दिला तर त्यांनी तो दोन बोटांत धरून खिडकीकडे नेला. केस चारी बाजूंना झोपलेले होते हे मला त्या उजेडात प्रथमच दिसलं. "काकू, याने तुम्ही काय घासता?" मी म्हटलं, सध्या दात, पुढे कंगवे, मग मोरीचे कोपरे. आपल्या घरातल्या वस्तूला अशा पायऱ्या असतात हे त्यांना माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, हा मोरीच्या पायरीवर केव्हाच पोहोचला आहे, तुम्ही उशीर केलात. दर तीन महिन्यांनी नवा, आणि मऊ केसांचाच. दर तीन महिन्यांनी! माझ्या हिशेबाच्या वहीत दातांचा रकानाच नाही. (डॉक्टरीणबाईंची फी सध्या घरदुरुस्तीत धरली आहे.)

त्यांनी किटण काढलं. तो गुंई आवाज आता माझ्याच डोक्यातून निघत होता. मग म्हणाल्या, "मी माझं काम केलं. आता दीड महिना काम तुमचं. सकाळी आणि रात्री, दोन्ही वेळा, प्रत्येक वेळी पूर्ण दोन मिनिटं, ब्रश हिरडीकडे तिरपा धरून, बाहेरून आणि आतूनही. दोन दातांच्या मधे रोज दोरा. दिवसभर गोड चहाचे घोट घेत बसायचं नाही. हिरडीने दात पुन्हा धरला तर ठीक, नाहीतर चारही काढावे लागतील." हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा अशा सुरात सांगितलं. मी जिना उतरले तेव्हा हाताने कठडा नाही, हनुवटी धरली होती.

आता तुम्ही म्हणाल, इतकं काय, कवळी बसवतात. खरं आहे. पण प्रार्थना मी सांगते, ताई. पुढचे चार दात गेल्यावर प्रत्येक ओळीच्या शेवटी शिट्टी वाजली तर देव ऐकेल, पण खजिनदारीणबाई ऐकणार नाहीत. त्यांचा डोळा त्या जागेवर कधीपासून आहे. आणि आणखी एक सांगते. मी स्वतःसाठी देवाकडे कधी काही मागितलं नाही, सगळं आपल्या माणसांसाठी. त्या रात्री मात्र डोळे मिटले आणि म्हटलं, देवा, एवढे चार राहू देत. नंतर लाज वाटली. जगात केवढाली दुःखं आणि ही बाई दात मागते आहे! पण मागितलं ते मागितलं, परत घेतलं नाही.

तर कामाला लागले. पहिला प्रश्न दोन मिनिटं मोजायची कशी? तुमच्या बंधूंनी दुकानातून खास घड्याळ आणून देतो म्हटलं, मोरीत टांगायला. मी म्हटलं, ओल्यात घड्याळ खराब करायचं काही कारण नाही, माझी प्रार्थना बरोब्बर दोन मिनिटांची आहे. मंडळाच्या जुन्या बाईंनी मला ती शिकवली तेव्हा हेच सांगितलं होतं, आणि मी स्वयंपाकघरातही तीच पाचदा म्हणून अंडी उकडते. (अंडी नेहमी कच्ची राहतात. अंडीच हल्ली चांगली येत नाहीत, असं मी समजत होते.) मग दुसरा प्रश्न, तोंडात फेस असताना देवाचं नाव घ्यावं का? दोन दिवस विचार केला. शेवटी ठरवलं की तोंडाने नको, मनातल्या मनात म्हणावं. मनाला फेस नसतो. तेव्हापासून सकाळ-रात्र मोरीत उभी राहून मनात प्रार्थना आणि हातात ब्रश, अशी माझी दुहेरी साधना चालू झाली. मला तर वाटलं, दातांच्या निमित्ताने पुण्यही वाढतं आहे.

दोऱ्याचं मात्र फसलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेली डबी संपल्यावर नवी आणायच्या आधी मी विचार केला, घरात शिवणाचं मशीन आहे, रिळं आहेत, दोऱ्यासारखा दोरा. काळं रीळ घेतलं (पांढरं महाग पडतं, ते कपड्यांना लागतं), टोक दोन दाढांच्या मधे घातलं आणि ओढलं. दोरा आत गेला आणि आतच राहिला. मागे येईना, पुढे जाईना. तोडायला गेले तर मशीनचा दोरा मजबूत, मीच बघून घेतलेला. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. विजेचं मीटर बघणारे होते. दार न उघडावं तर महिनाभर अंदाजाचं बिल येतं, हे तुम्ही जाणताच. मी पदराने तोंड झाकून दार उघडलं, पण रीळ हातातून सुटलं आणि उड्या मारत जिन्यावरून खाली गेलं. मीटरवाले सभ्य माणूस, ते रीळ उचलून, गुंडाळत गुंडाळत वर आले. गुंडाळता गुंडाळता माझ्यापर्यंत पोहोचले. पुढे दोरा कुठे जातो हे बघितल्यावर त्यांनी रीळ माझ्या हातात दिलं, आकडा न लिहिताच गेले. बिल शेवटी अंदाजाचंच आलं. तुमच्या बंधूंनी दुपारी येऊन घड्याळाच्या चिमट्याने दोरा काढला आणि जेवताना तीनदा हसले. दोऱ्याची डबी मी दुसऱ्या दिवशी आणली. त्या दोऱ्याला मेण लावलेलं असतं, म्हणून तो सरकतो, हे डबीवरच लिहिलं आहे. काही वस्तूंच्या बाबतीत काटकसर करता येत नाही, हे मला या वयात कळलं, याचंही दुःखच आहे.

ठरल्या दिवशी मी छाती पुढे काढून तपासणीला गेले. डॉक्टरीणबाईंनी हिरडीला नुसती काडी लावली आणि रक्त! त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शपथ घेऊन सांगितलं की दोन्ही वेळा, पूर्ण दोन मिनिटं, एकही खाडा नाही. त्यांनी कप्पा उघडून एक गोळी दिली आणि म्हणाल्या, चावा आणि तोंडभर फिरवा. दातांवर जिथे जिथे थर राहिला असेल तिथे रंग धरेल. मी चावली, चूळ भरली, त्यांनी आरसा समोर धरला.

जांभळे. ताई, सगळे जांभळे! दात जांभळे, हिरड्यांच्या कडा जांभळ्या, जीभ जांभळी, ओठांचे कोपरे जांभळे. शाईची दौत प्यायलेली बाई आरशात बसली होती. दोन मिनिटं घासलेल्या तोंडात एवढा रंग धरत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात दटावणी नव्हती, काळजी होती. "काकू, आणखी दोन आठवडे देते. त्यानंतर मला ठरवावं लागेल." दातांवरचा रंग घासून जाईल, पण जीभ आणि ओठ संध्याकाळपर्यंत तसेच राहतील, असंही सांगितलं. आणि संध्याकाळी होती प्रार्थना!

जावं तर तोंड उघडावं लागणार, न जावं तर जागा खजिनदारीणबाईंना मोकळी. शेवटी गेले. तोंडावर रुमाल घट्ट धरला आणि कोणी काही विचारलं की वर बोट करून डोळे मिटायचे. मला म्हणायचं होतं, देवालाच ठाऊक. पण खजिनदारीणबाईंनी जाहीर करून टाकलं, "आज यांचं मौन आहे!" मग काय विचारता. बायका माझ्याकडे भक्तिभावाने बघायला लागल्या. एकीने माझ्यासमोर फूल ठेवलं. एक म्हातारी पाया पडायला आली, तिला मी रुमालाच्या आतून "अहो नको" म्हटलं तर तिला ते हुंकारासारखं ऐकू आलं आणि ती आणखीच वाकली. लाजेने माझा चेहराही जांभळा झाला असणार. आणि प्रार्थना सांगायला, अर्थातच, खजिनदारीणबाई उभ्या राहिल्या.

त्यांनी सुरुवात केली. एकेक शब्द सुटा, ओळ संपली की श्वास, कडवं संपलं की थांबणं. मी मनात नेहमीच्या चालीने बरोबर निघाले. त्यांचं पहिलं कडवं संपत होतं तेव्हा माझी अख्खी प्रार्थना संपून मी देवाला नमस्कारही करून मोकळी झाले होते! मला वाटलं, ही बाई मुद्दाम रेंगाळते आहे, मिरवायला. भिंतीवर घड्याळ होतं (आपल्याच दुकानातलं, चालतं नीट). त्यांनी शेवटचा शब्द म्हटला तेव्हा मी काट्याकडे पाहिलं. सहाच्या ठोक्याला सुरू केलं होतं, बरोब्बर दोन मिनिटं झाली होती.

ताई, मी दगड होऊन बसले. म्हणजे माझी प्रार्थना अर्ध्या मिनिटाची! रोज म्हणून म्हणून ती अशी गुळगुळीत झाली होती की शब्दांना शब्द लागून सगळी घसरगुंडी होत होती. देवाला मी धावत्या गाडीच्या खिडकीतून हात करत होते आणि समजत होते की शेजारी बसले आहे. आणि तेवढ्याच वेळात दातही उरकत होते. अंडीसुद्धा! अंड्यांना मी काय काय बोलले! दात जाणार या भीतीने बसलेला धक्का एकीकडे आणि हा एकीकडे. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझी भक्ती उघडी पाडली, तीही जांभळ्या रंगात.

घरी येऊन सगळं सांगितलं. वाटलं तुमचे बंधू हसतील. ते हसले नाहीत. दुकानातलं एक जुनं घड्याळ आणून मोरीच्या दाराबाहेर, कोरड्या भिंतीवर टांगलं, आणि म्हणाले, "तू सावकाश म्हण. मी बाहेर उभा आहे." तेव्हापासून रोज ते बाहेर उभे असतात आणि मी आत. हळूहळू म्हणायला लागले तर काय सांगू, दुसऱ्या कडव्यात केवढा अर्थ आहे! इतकी वर्षं मी त्याच्यावरून पळत होते. ब्रश तिरपा, आतून, बाहेरून, मागच्या दाढेपर्यंत, आणि शेवटच्या ओळीला शेवटचा दात. थुंकीतला लाल रंग आता गेला आहे. पण दात हलतात का ते मी बघत नाही. जिभेला सक्त ताकीद दिली आहे, पुढे जायचं नाही. उगीच ढकलून बघायला लागलं तर उभा राहणाराही कंटाळून जाईल.

तर अशी अवस्था आहे. पत्र लगेच टाकत नाही, गुरुवारचा निकाल लिहूनच पाठवते, म्हणजे एका तिकिटात दोन्ही कामं होतील. तोवर माझ्या चार दातांसाठी तुम्हीही दोन शब्द टाका, पण सावकाश टाका.

तुमची आज्ञाधारक,
धाकटी भावजय

ता. क. गुरुवार झाला. डॉक्टरीणबाईंनी काडी लावली, रक्त नाही. मग एकेका दाताला बोटांनी धरून हलवून पाहिलं. मी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली होती (सावकाशची), पहिलं कडवं संपलं तरी त्या काही बोलेनात, दुसरं संपलं, मग म्हणाल्या, "राहिले. चारही." ताई, मी त्यांच्या गळ्यात पडले, त्यांच्या कपाळावरचा दिवा माझ्या केसांत अडकला. थोडे हलतील म्हणाल्या, गेलेलं हाड परत येत नाही, पण असंच चालवलं तर जन्मभर पुरतील. सहा महिन्यांनी पुन्हा दाखवायचं. आता यात ढिलाई नाही. बातमी ऐकून खजिनदारीणबाई "छान झालं" म्हणाल्या. मंडळात आता प्रार्थना मीच सांगते, पण त्यांच्या चालीने. तेवढं मला द्यावंच लागलं.

ता. क. दुसरा. (हे फक्त तुमच्यासाठी. वाचून झालं की हा तुकडा फाडून टाका.) एवढं मोठं पत्र लिहायचं खरं कारण आत्ता सांगते. तुमच्या बंधूंचं ते पोलाद काही खरं नाही. हल्ली ते डाव्या बाजूनेच चावतात, गार पाणी गालात धरून बसतात, आणि लवंगांची बरणी भरली की आठवड्यात रिकामी होते. विचारलं तर म्हणतात, उंदीर. लवंगा खाणारा उंदीर मी पाहिलेला नाही. डॉक्टरीणबाईंचं नाव काढलं की दुकानात गिऱ्हाईक आठवतं. माझं ऐकत नाहीत, देवाचं कितपत ऐकतात शंका आहे, पण तुम्हाला ते लहानपणापासून घाबरतात. तरी एक खरमरीत पत्र त्यांच्या नावाने टाका, मी लिहिलं असं कळू न देता. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वप्न पडलं, काहीही लिहा. उत्तरासाठी कोरा कागद सोबत घातला आहे, तुमचा खर्च नको. पाकीट घट्ट चिकटवते आहे.

ताई, आता हे मी लिहितो आहे. पाकीट पोस्टात टाकायला हिने माझ्याकडे दिलं. तिथे काट्यावर वजन जास्त भरलं. जादा तिकीट लावून आलो असतो तर घरी मलाच झापलं असतं, म्हणून वाफ देऊन पाकीट उघडलं, कोरा कागद काढून घेतला, आणि ओघाओघात सगळं वाचलं. तुला म्हणून सांगतो, मी परवाच गुपचूप त्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आलो. मागची दाढ किडून पोकळ झाली आहे, ती काही वाचत नाही, काढावीच लागणार. हिचे हलणारे चार राहिले आणि माझं पोलाद चाललं, हे हिला कोणत्या तोंडाने सांगू? तेव्हा तू पत्र लिहीच, चांगलं खरमरीत लिही. म्हणजे तुझ्या धाकाने गेलो आणि तिथे गेल्यावर काय ते निघालं, असं तरी मला म्हणता येईल. कागद तुझाच वापर. उलट टपाली लिही, ताई. फार दुखतंय.